सावित्रीबाईंची शाळा आणि एका विद्यार्थिनीचा निबंध

साठ वर्षांची वाटचाल पुरी करून एखादी शाळा मागे वळून पाहते, तेव्हा निकालांच्या नोंदी, स्नेहसंमेलनांची छायाचित्रे आणि जुन्या शिक्षकांची नावे तिच्या हाती प्रथम लागतात. परंतु शाळेने मुलांना नेमके काय दिले हे जाणून घ्यायचे असेल, तर निबंधाच्या वह्याच उघडून पाहाव्या लागतात. ‘माझी आई’, ‘मी पाहिलेला पाऊस’, ‘माझ्या जीवनातील अविस्मरणीय प्रसंग’ असे विषय त्या वह्यांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेले आहेत. यांतील पुष्कळ निबंध पाठ केलेले असतात. एकच पहाट, एकच सोनेरी सूर्य आणि एकच प्रेमळ आई चाळीस वह्यांत चाळीस वेळा अवतरते. मात्र कधीतरी एखाद्या वहीत मुलाने स्वतः पाहिलेले, स्वतः सोसलेले असे काही उमटून जाते आणि तपासणाऱ्या शिक्षकाची लाल शाई तिथे थबकते. शाळेच्या सार्थकतेचा क्षण तोच असतो.

मराठीच्या इतिहासात असा क्षण १८५५ साली पुण्यात येऊन गेला. चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो एका प्रतिष्ठित नियतकालिकाने दोन अंकांत छापला. तिचे नाव मुक्ता. ती ज्या शाळेत शिकली ती शाळा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांची होती. हीरक महोत्सवाच्या या ग्रंथात सावित्रीबाईंचे चरित्र सांगावयाचे ते याच कारणासाठी. मुलीच्या हातात लेखणी देणे सोपे असते. त्या लेखणीने तिने स्वतःचे जगणे लिहावे, एवढा धीर तिच्या मनात निर्माण करणे कठीण असते. सावित्रीबाईंचे आयुष्य या दुसऱ्या कामी खर्ची पडले.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील आणि आई लक्ष्मीबाई यांच्या त्या कन्या. त्या काळी खेड्यातील मुलीच्या वाट्याला अक्षर येत नसे. शिरवळच्या बाजारात एका मिशनऱ्याकडून मिळालेले पुस्तक त्यांनी वाचता येत नसतानाही जपून ठेवले आणि लग्नानंतर ते सासरी नेले, अशी हकिकत त्यांचे चरित्रकार सांगतात. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह पुण्याचे जोतीराव फुले यांच्याशी झाला. जोतीरावांचे वय तेव्हा तेरा वर्षांचे होते.

लग्नाने मुलीचे शिकणे थांबावे, असा तो काळ. सावित्रीबाईंच्या बाबतीत मात्र ते लग्नानंतर सुरू झाले. जोतीराव स्वतः शाळेत शिकत होते आणि शिकलेले घरी आणून पत्नीला देत होते. आईवेगळ्या जोतीरावांना ज्यांनी वाढविले, त्या सगुणाबाई क्षीरसागर यांनाही या घरगुती शाळेत अक्षरओळख झाली. पुढे अहमदनगर येथे सिंथिया फरार यांनी चालविलेल्या मुलींच्या शाळा पाहून पुण्यातही असेच काही करावे, हा विचार जोतीरावांच्या मनात पक्का झाला. मुलींना शिकविण्यासाठी शिक्षिका हवी आणि शिक्षिका व्हायचे तर अध्यापनाचे रीतसर शिक्षण हवे, म्हणून सावित्रीबाईंनी पुण्यातील मिचेलबाईंच्या नॉर्मल शाळेत ते घेतले.

१८४८ साली बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली. एतद्देशीयांनी आपल्या मुलींसाठी चालविलेल्या अगदी आरंभीच्या शाळांत तिची गणना होते. सुरुवातीला पटावर मोजक्याच मुली होत्या आणि त्यांना शिकविणाऱ्या सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या. आजच्या हिशेबाने हे बारावीत शिकणाऱ्या मुलीचे वय. घरातून शाळेकडे जाताना त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण फेकले जाई, शिव्याशाप ऐकावे लागत. त्या पिशवीत एक जादा लुगडे घेऊन निघत आणि शाळेत पोहोचल्यावर ते बदलून धड्याला सुरुवात करीत. हा प्रसंग आपण लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलेला आहे की त्याचा अर्थ अनेकदा निसटून जातो. मुलींसमोर उभ्या राहणाऱ्या बाईंच्या अंगावर मार्गातल्या अपमानाची खूण दिसू नये, वर्गात यायचे ते स्वच्छ मनाने आणि स्वच्छ वस्त्राने, ही शिस्त त्या लुगड्यात होती.

या कामामुळे घरातही वादळ उठले. समाजाच्या दडपणापुढे जोतीरावांच्या वडिलांनी, गोविंदरावांनी, मुलाला आणि सुनेला घराबाहेर पडण्यास सांगितले. १८४९ साली त्या दोघांनी घर सोडले, पण शाळेचे काम सोडले नाही. अडचणींमुळे काही काळ खंड पडला आणि नंतर ते अधिक जोमाने सुरू झाले. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतील चिपळूणकर वाड्यात मुलींची शाळा पुन्हा उघडली, तिच्यापाठोपाठ रास्ता पेठेत आणि वेताळ पेठेत शाळा निघाल्या. दोन वर्षांच्या आत या शाळांतील मुलींची संख्या दोनशेच्या पलीकडे गेली. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन सरकारी सत्कार झाला. याच सुमारास महार, मांग आदी समाजांतील मुलांसाठी वेगळ्या शाळा सुरू झाल्या आणि त्या चालविण्यासाठी एक मंडळीही स्थापन झाली. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांच्या मुलामुलींच्या हातात प्रथमच पाटी आली.

शाळांच्या या धामधुमीत सावित्रीबाई स्वतःही लिहीत होत्या. १८५४ साली त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. वय तेव्हा अवघे तेवीस. फुले, निसर्ग, विद्येचे महत्त्व, शूद्रांची दैन्यावस्था असे विषय त्यात आहेत. मराठीत एखाद्या स्त्रीने त्या काळी स्वतःच्या नावाने कवितांचे पुस्तक छापावे, हीच मुळात धाडसाची गोष्ट होती. वर्गाच्या दृष्टीने तिला आणखी एक अर्थ आहे. शिकविणाऱ्या बाई स्वतः लिहितात, त्यांचे लिहिणे छापले जाते, स्त्रीला सांगण्यासारखे काही असते, हे त्या शाळांतील मुलींना धड्याविनाच कळले असेल. मुलांना निबंध लिहायला सांगणाऱ्याने स्वतः कधीतरी प्रामाणिकपणे दोन ओळी लिहिलेल्या असाव्यात, ही अपेक्षा आजही अवास्तव नाही.

काव्यसंग्रहाच्या पुढच्याच वर्षी, १८५५ च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत, अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने मुक्ताचा निबंध प्रसिद्ध केला. त्याचे नाव होते ‘मांग महाराच्या दुःखाविषयी’. मुक्ता मांग समाजातील होती आणि तिचे शिक्षण जेमतेम तीन वर्षांचे झाले होते.

हा निबंध आज वाचताना पहिल्यांदा लक्षात येते ते त्याचे धारिष्ट, आणि त्याबरोबरच त्याची सुसूत्र मांडणी. आरंभी ती ईश्वराचे स्मरण करते आणि लिहिण्याचे सामर्थ्य त्यानेच आपल्याला दिले असे नम्रपणे मानते. परंतु ही नम्रता तिला गप्प बसवीत नाही. वेद जर एकाच वर्णाच्या मालकीचे असतील आणि इतरांना ते पाहण्याचीही बंदी असेल, तर आम्ही धर्मग्रंथावाचूनचे लोक ठरतो, मग आमचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न ती थेट देवापुढे ठेवते. मोठमोठ्या पंडितांना न सुचलेला हा प्रश्न तिला पुस्तकातून मिळालेला नव्हता. रोजच्या जगण्यात जे खुपत होते त्याला तिने तर्काची जोड दिली आणि त्यातून तो उमटला.

त्यानंतर ती दाखल्यांकडे वळते. मोठ्या इमारतींच्या पायात आपल्या समाजातील माणसांना शेंदूर घातलेले तेल पाजून पुरले जाई, हे ती सांगते. पेशवाईच्या उत्तरकाळात तालीमखान्यासमोरून कोणी मांग वा महार गेला तर त्याचे मस्तक उडवून गुलटेकडीच्या मैदानात तलवारीच्या दांडूने त्याचा चेंडूफळीसारखा खेळ केला जाई, ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून आलेली कथा ती नोंदवते. शिकण्याचा प्रयत्न करणाऱ्याला काय भोगावे लागे, तेही ती लिहिते. यानंतर तिची नजर घराकडे, आपल्या समाजातील बायकांकडे वळते. बाळंतपणाच्या वेळी डोक्यावर छप्परही नसते आणि त्या थंडीपावसात कुडकुडतात, हे दुःख ती इतक्या कमी शब्दांत मांडते की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. हा तपशील ज्या मुलीने आपल्या वस्तीत पाहिला, तीच तो लिहू शकत होती. कोणत्याही विद्वानाच्या निबंधात तो तोवर आलेला नव्हता.

शेवट मात्र रडगाण्याचा नाही. कंपनी सरकारच्या अमलात हे जुलूम कमी झाले याची ती नोंद करते आणि मग आपल्याच लोकांकडे वळून सांगते की तुम्ही दारिद्र्याने आणि दुःखाने आजारी आहात, यावर औषध एकच आणि ते ज्ञानाचे. दुःखाची कबुली, त्याची कारणमीमांसा, साक्षीपुरावा आणि अखेरीस उपाय, अशी त्या निबंधाची चढती बांधणी आहे. आत्मपर निबंध कसा असावा हे शिकवायचे झाले, तर मराठीत याहून चांगला पाठ शोधावा लागणार नाही. सार्वजनिक प्रश्नाला ती स्वतःच्या अनुभवाने भिडते आणि स्वतःच्या दुःखाला सर्वांच्या दुःखाशी जोडते. आपल्याविषयी लिहिताना केवळ आपल्यापुरते लिहू नये, हे तिला कोणी नियम म्हणून शिकविले नसावे. ते त्या शाळेच्या वातावरणातच होते.

सावित्रीबाईंचे पुढील आयुष्य पाहिले म्हणजे हे वातावरण कोठून आले याचा उलगडा होतो. १८५६ साली त्या आजारी पडल्या आणि विश्रांतीसाठी माहेरी नायगावी गेल्या. १० ऑक्टोबर १८५६ रोजी तेथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. महार-मांगांसाठी काम करून तुम्ही दोघे कुळाला बट्टा लावता, असे भावाने सुनावले, तेव्हा आपण त्याला काय उत्तर दिले आणि आईने ते कसे ऐकून घेतले, हे सारे त्या पत्रात आहे. पुण्यात शाळेचा सारा भार एकट्या फातिमावर पडला असेल, ही चिंताही त्यात आहे. फातिमा शेख या त्यांच्या सहशिक्षिका. १८६८ सालच्या दुसऱ्या पत्रात, जातीबाहेरच्या प्रेमसंबंधामुळे गावकरी ज्या तरुण-तरुणीच्या जिवावर उठले होते त्यांना आपण मध्ये पडून कसे वाचविले, ते त्या सांगतात. १८७७ च्या पत्रात दुष्काळाने होरपळलेला जुन्नरचा मुलूख आहे, ओस पडलेली गावे आहेत आणि मदतीच्या कामातील अडचणी आहेत. या पत्रांत अलंकार नाहीत. जे पाहिले ते लिहिले आहे, जिथे मन हलले तिथे तसे म्हटले आहे, आणि पुढे काय करायचे तेही ठरविले आहे. म्हणजे मुक्ताच्या निबंधातील तीच रीत.

लिहिणे आणि करणे यांत या घरात अंतर नव्हते. फसविल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे सुखरूप व्हावीत आणि अर्भकांच्या हत्या थांबाव्यात म्हणून १८६३ साली फुले दांपत्याने आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेच्या मुलाला त्यांनी १८७४ साली दत्तक घेतले. तोच यशवंत, पुढे तो डॉक्टर झाला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली, तेव्हापासून त्या कामात सावित्रीबाई जोतीरावांच्या खांद्याला खांदा लावून होत्या. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांत वाद निर्माण होताच सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले आणि त्या प्रेतयात्रेच्या पुढे चालल्या. पतीच्या मागे त्यांनी समाजाची धुरा सांभाळली आणि १८९३ साली सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षस्थान भूषविले.

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. सावित्रीबाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. यशवंतने हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना उभारला आणि सावित्रीबाई रुग्ण आणण्यासाठी वस्त्यावस्त्यांतून फिरू लागल्या. मुंढव्याच्या वस्तीतील एका दलित मुलाला प्लेगची लागण झाल्याचे कळताच त्यांनी त्याला स्वतः उचलून दवाखान्यात पोहोचविले. त्यातच त्यांना रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. चाळीसएक वर्षांपूर्वी ज्या समाजातील एका मुलीला आपले दुःख लिहिण्याचा धीर त्यांच्या शाळेने दिला होता, तशाच एका वस्तीतील मूल उचलताना त्यांचे आयुष्य संपले.

त्याच साथीने पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, बेंगळुरू गाठले. पेठेत आणि छावणीत माणसे दगावली. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम ही मोकळी नवी उपनगरे त्या काळातच आखली गेली. शहरात ठिकठिकाणी असलेली प्लेग मारिअम्माची देवळे त्या भयाची आठवण आजही देतात. ज्या शिवाजीनगरात आपण राहतो, ते त्या जुन्या छावणीचाच भाग. सावित्रीबाईंचे जग आपल्यापासून वाटते तितके दूर नाही.

आपल्या शाळेत येणारे मूल रसेल मार्केटच्या गर्दीतून, बसस्थानकाच्या कोलाहलातून वाट काढीत येते. फळवाल्याशी ते दख्खनी उर्दूत बोलते, कंडक्टरशी कन्नडमध्ये, शेजाऱ्यांशी तमिळमध्ये, आणि फलकांवर इंग्रजी वाचते. वर्गात आल्यावर मात्र त्याच्यासमोर मराठीची कोरी वही असते. या वहीचा उपयोग काय, मराठी माध्यम कशासाठी, हा प्रश्न गेल्या साठ वर्षांत किती पालकांच्या मनात आला असेल याची गणती नाही, आणि तो प्रश्न अगदी रास्त आहे. नोकरीची भाषा वेगळी, शहराची भाषा वेगळी, मग घरातल्या भाषेसाठी मुलाची दहा वर्षे का द्यावीत?

एका चौदा वर्षांच्या मुलीने तीन वर्षांच्या शाळेच्या बळावर जे केले, त्यात या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. तिने ते आपल्या भाषेत केले. बाळंतिणीची थंडी, घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली भीती, मनात सलणारा धर्माविषयीचा प्रश्न, हे सर्व ज्या भाषेत तिने ऐकले होते त्याच भाषेत तिने लिहिले, म्हणूनच ते खरे उतरले. पुढे त्याचे इंग्रजीत भाषांतर झाले आणि भारतीय स्त्रियांच्या लेखनाच्या संग्रहातून ते जगभर पोहोचले. आधी स्वतःच्या भाषेत खरे लिहिले गेले, म्हणून परक्या भाषेतही त्याची किंमत राहिली.

पालकांना एक विनंती करावीशी वाटते. मुलांचे निबंध आपण लिहून देऊ नयेत आणि छापील पुस्तकातून उतरवून घेण्याचा आग्रहही धरू नये. आपल्या मुलाने आजोबांच्या शिवणयंत्रावर लिहावे, सोन्याचांदीच्या दुकानात रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या वडिलांवर लिहावे, गावी गेल्यावर भावंडांनी आपल्या कन्नड हेलाच्या मराठीला हसल्याचे दुःख लिहावे. त्यात शुद्धलेखनाच्या चुका राहतील, वाक्ये अडखळतील, चार गुण कमीही पडतील. परंतु ते लेखन त्या मुलाचे असेल. माजी विद्यार्थ्यांनीही आपल्या जुन्या वह्या सापडल्या तर उघडून पाहाव्यात. त्यांत एखादे जरी वाक्य खरोखर स्वतःचे आढळले, तरी शाळेने आपले देणे चुकते केले असे समजावे.

सावित्रीबाईंनी आपल्या शाळांत मुलींना मुळाक्षरे, हिशेब, भूगोल शिकविले. तेवढे तर कोणतीही शाळा शिकवितेच. परंतु तुझ्या वाट्याला आलेले जगणे लिहिण्याच्या योग्यतेचे आहे, हा विश्वास त्यांच्या शाळांनी मुलींना दिला आणि त्यातून मराठीला मुक्ताचा निबंध मिळाला. पुढील साठ वर्षांत आपल्या शाळेच्या एखाद्या वहीत असा एक जरी निबंध लिहिला गेला, तरी हीरक महोत्सवाचा हा दीप योग्य ठिकाणी लावला गेला असे म्हणता येईल.